घर बंद असलं तरी बाबांना जॉन्सन यांच्या रँचवर ने

*प्रिय ताई,*

*आम्ही ऑस्टिनला राहतो. सासू-सासरे तीन महिन्यांसाठी आलेत, एप्रिलअखेर परत जातील. बाबा, म्हणजे माझे सासरे, माण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. आता बहात्तर वर्षांचे आहेत. आल्यापासून त्यांनी स्वतःहून एकच गोष्ट मागितली, साठच्या दशकातले अमेरिकेचे प्रेसिडेंट लिंडन जॉन्सन यांची रँच, म्हणजे गुरांचं मोठं शेत, बघायची. म्हणाले, "सहासष्ट साली रेशनच्या रांगेत उभा राहून ज्याचा गहू आणला, त्याचं गाव बघू." नवरा म्हणतो, घर आतून बंद आहे, नुसतं माळरान बघायला सव्वा तास गाडी कशाला चालवायची? त्यापेक्षा सॅन अँटोनियोला जाऊ. आईंचे गुडघे दुखतात, त्या शाकाहारी आहेत आणि बाहेरचं खायला बिचकतात. मुलगी आठ वर्षांची आहे, तिला म्युझियम म्हटलं की कंटाळा येतो. मोकळा शनिवार एकच आहे, एप्रिलचा पहिला. जावं का? आणि गेलोच तर दिवस कसा आखावा?*

*— एक सून, ऑस्टिन*

जा. बाबांनी तीन महिन्यांत एकच गोष्ट मागितली आहे आणि ती का मागितली हेही त्यांनी तुला सांगितलंय. सॅन अँटोनियो कुठे पळून जात नाही.

नवऱ्याचं म्हणणं खोटं नाही. ज्याला 'टेक्सस व्हाइट हाउस' म्हणतात ते घर ऑगस्ट २०१८ मध्ये बांधकामातल्या दोषांमुळे लोकांसाठी बंद झालं. आदल्या दिवशी नॅशनल पार्क सर्व्हिसच्या संकेतस्थळावर वेळा बघशील तेव्हा त्याचीही चौकशी कर, पण दिवस आखताना ते बंदच आहे असं धरून चाल. आणि बाबांना हे आजच सांग. दारापर्यंत गेल्यावर कळलं तर त्यांचा विरस होईल. आधी कळलं तर ते बाकीचं बघायच्या तयारीने येतील, आणि तिथे बाकीचं खूप आहे. माझ्या मते तर घराचा नंबर तिसरा-चौथा लागतो.

लिंडन जॉन्सन २७ ऑगस्ट १९०८ ला पेडर्नालेस नदीच्या काठी जन्मले, त्याच काठावरच्या एका खोलीच्या शाळेत बसले आणि जानेवारी १९७३ मध्ये तिथेच आपल्या घरच्या माणसांशेजारी त्यांना पुरलं. जन्माची जागा, शाळा आणि कबर, तिन्ही एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. अध्यक्ष असताना कारकिर्दीचा साधारण चौथा हिस्सा त्यांनी वॉशिंग्टन सोडून या नदीकाठी काढला. जाताना गाडीत हे एवढं सांगितलंस तरी नवऱ्याच्या लक्षात येईल की आपण बंद घर बघायला चाललेलो नाही.

आता दिवस कसा आखायचा ते सांगते. सकाळी आठला घर सोडा. हायवे २९० पश्चिमेला धरा. जॉन्सन सिटी लागेल, तिथे थांबू नका. आणखी चौदा मैलांवर स्टोनवॉलच्या अलीकडे लिंडन बी. जॉन्सन स्टेट पार्क आहे. रँच नदीच्या पलीकडे आणि हे पार्क अलीकडे. रँचमध्ये स्वतःची गाडी न्यायचा परवाना याच पार्कच्या व्हिजिटर सेंटरमध्ये मिळतो. त्याचे पैसे पडत नाहीत. स्वच्छतागृहं इथेच उरकून घ्या आणि पार्क सर्व्हिसचं ॲप घरूनच फोनवर उतरवून ठेव, त्या डोंगराळ भागात नेटवर्कच्या भरवशावर राहू नये.

सकाळी तिकडेच, हे मी एवढं ठासून का सांगते ते ऐक. माझे आई-बाबा आले होते तेव्हा आम्ही उलटं केलं. आधी फ्रेडरिक्सबर्गला गेलो, बाजारपेठ बघितली, निवांत जेवलो, दुकानं फिरलो आणि दुपार कलल्यावर रँचकडे वळलो. रँचमध्ये गाड्या सोडायची शेवटची वेळ टळून गेली होती. माझे वडील नदीच्या अलीकडे उभं राहून पलीकडची ओकची झाडं बघत राहिले. मला म्हणाले, "असू दे, पुढच्या खेपेला." ती खेप आलीच नाही. दोन वर्षांनी आई एकटी आली. म्हणून सांगते, फ्रेडरिक्सबर्ग, द्राक्षमळे, दुकानं, सगळं दुपारनंतर. वेळ उरला तर.

पोचल्यावर लगेच रँचमध्ये शिरू नका. पहिला एक तास आईंचा. स्टेट पार्कातच सावर-बेकमन फार्म आहे. १९१५ ते १९१८ च्या सुमारास इथलं जर्मन शेतकरी कुटुंब जसं राहायचं तसं ते आजही चालवतात. तिथली माणसं त्या काळचे कपडे घालून खरोखर ती कामं करतात: चुलीवर रांधणं, साबण करणं, कोंबड्या-डुकरांना घालणं, लोणी काढणं. आईला मी तिथे नेलं तेव्हा स्वयंपाकघरात एक बाई उभ्या दांड्याने लोणी घुसळत होती. आई बघत राहिली, मग पुढे होऊन तिने तो दांडा सरळ हातात घेतला. म्हणाली, आमच्याकडे रवी दोरीने फिरवतात, हे नुसतं वरखाली आहे. मी भाषांतर केलं. त्या बाईने विचारलं, लोणी आलं हे तुम्ही कशावरून ओळखता? आई म्हणाली, "आवाज बदलतो, जड होतो." हे सांगितल्यावर ती बाई एवढी खूश झाली की तिने आईला चूल दाखवली, बिडाच्या इस्त्र्या दाखवल्या, मांस साठवायची खोली दाखवली. पंधरा मिनिटं दोघी एकमेकींची भाषा न कळता बोलत होत्या. तुझ्या सासूबाईंना मांसाच्या खोलीकडे नको असेल तर नेऊ नकोस, पण स्वयंपाकघरात बसायला जागा मागून घे आणि त्यांना घाई करू नकोस. मुलीला तिथे कोंबड्या, मेंढ्या, गाई मिळतील. पार्कात रानगवे आणि लांब शिंगांची लाँगहॉर्न गुरंही आहेत.

या शेताचा जॉन्सन यांच्याशी संबंध नुसत्या शेजाराचा नाही. या सावर कुटुंबातली ऑगस्टा नावाची लेक सुईण होती आणि जॉन्सन यांच्या जन्माच्या वेळी तीच हजर होती. शिवाय इथली चूल, पाण्याच्या बादल्या आणि जड इस्त्र्या बघितल्यावर जॉन्सन यांनी पुढे काय केलं ते नीट कळतं. या सगळ्या डोंगरपट्ट्यात १९३० च्या दशकाच्या शेवटापर्यंत वीज नव्हती. एका मैलात पुरेशी घरंच नाहीत म्हणून तारा ओढणं परवडत नाही, असं सरकारी खात्याचं म्हणणं होतं. तरुण खासदार जॉन्सन थेट प्रेसिडेंट रूझवेल्ट यांच्यापर्यंत गेले, १९३८ मध्ये पेडर्नालेस सहकारी वीज संस्थेला कर्ज मंजूर झालं आणि १९३९ मध्ये दिवे लागले. गावात पहिला दिवा लागला ते बाबांनी पाहिलं असणार. त्यांना ती गोष्ट त्या चुलीपाशीच विचार आणि नातीला ऐकू दे.

जेवण अकरा-साडेअकरालाच उरका. बाहेरच्या खाण्याच्या भानगडीत पडूच नका. हा बार्बेक्यूचा मुलूख आहे, शाकाहारी माणसाच्या पानात बटाट्याचं सॅलड आणि पाव याखेरीज फारसं काही पडत नाही. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, दहीभात आणि भरपूर पाणी बरोबर घे. पार्कात झाडांखाली बाकडी आहेत. दुपारच्या चहाचा थर्मासही घे, तो पुढे लागेल.

आता रँच. आईंच्या गुडघ्यांची काळजी करू नकोस. सगळा फेरा आपल्या गाडीतून होतो. ठिकठिकाणी थांबायचं, वाटलं तर उतरायचं. बाबांना पुढच्या सीटवर बसव.

सुरुवातीलाच जंक्शन स्कूल लागतं. इथे गाडी बंद करा आणि घड्याळाकडे बघू नका. १९१० मध्ये बांधलेली ही एका खोलीची शाळा, आठही इयत्ता आणि एक बाई. बाबांच्या भाषेत एकशिक्षकी शाळा. १९१२ मध्ये चार वर्षांचा लिंडन घरून पळून शाळेत येऊन बसायचा, म्हणून शेवटी त्याचं नावच घातलं. केट डेडरिक या त्याच्या बाई. वाचायला सांगितलं की तो म्हणे बाईंच्या मांडीवर बसल्याशिवाय वाचायचा नाही. त्यानंतर त्रेपन्न वर्षांनी, ११ एप्रिल १९६५ ला, याच शाळेच्या अंगणात टेबल मांडून प्रेसिडेंट जॉन्सन यांनी प्राथमिक आणि माध्यमिक शिक्षणाचा कायदा सही करून मंजूर केला. त्यांच्या शेजारी तेव्हा त्याच बाई बसलेल्या होत्या. गरीब मुलं जास्त असलेल्या शाळांना केंद्र सरकारचा पैसा या कायद्याने पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर मिळू लागला. 'टायटल वन' हा शब्द तुझ्या मुलीच्या शाळेच्या कागदांवर तू वाचला असशील. तो इथला आहे.

बाबांना आणखी एक सांग. कॉलेजचं शिक्षण मध्येच थांबवून जॉन्सन १९२८ मध्ये मेक्सिकोच्या सीमेकडच्या कोटुला गावात मास्तर झाले होते. वर्गातली मुलं मेक्सिकन मजुरांची, पुष्कळदा उपाशीपोटी येणारी. पहिल्या पगारातून त्यांनी मुलांसाठी खेळाचं साहित्य घेतलं. मार्च १९६५ मध्ये मतदानाच्या हक्काच्या कायद्यासाठी काँग्रेससमोर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेसमोर, बोलताना त्यांनी त्याच मुलांची आठवण काढली. माणच्या दुष्काळी पट्ट्यात ज्यांनी पटावरची मुलं टिकवली, त्यांना यातलं काही वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. तू फक्त मुलीला त्यांच्याजवळ उभं कर आणि तुम्ही दोघं चार पावलं मागे राहा.

पुढे जन्मघर आहे. ते मूळचं नाही. मूळ घर पाडलं गेलं होतं, जॉन्सन यांनी अध्यक्ष असताना १९६४ मध्ये त्याच जागी ते पुन्हा उभारलं. इथे पाच मिनिटं पुरेत.

त्याच्या जवळच, नदीकडेला, दगडी कुंपणाच्या आत कुटुंबाची दफनभूमी आहे. मोठमोठी लाइव्ह ओकची झाडं आहेत, आणि वारा नसेल तर फारच शांत असतं. लेडी बर्ड जॉन्सनही २००७ पासून इथेच आहेत. जॉन्सन यांचे वडील म्हणायचे, आपण आजारी पडलो तर जिथल्या लोकांना कळतं आणि मेलो तर वाईट वाटतं, तिथे माणसाने परत यावं. आपण सगळे गाव सोडून आलेलो आहोत. त्या झाडांखाली हे वाक्य मला जड गेलं, बाबांनाही जाईल. आई दमल्या असतील तर त्यांना गाडीतच बसू दे, कुंपण गाडीतूनही दिसतं.

गव्हाचं बोलायचं तर ते इथे बोला. बाबांना माहीत असेलच, पण नवऱ्याला कदाचित नसेल. १९६५ आणि १९६६, लागोपाठ दोन वर्षं पाऊस दगा देऊन गेला. लालबहादूर शास्त्रींनी आठवड्यातून एक वेळ जेवण सोडायला सांगितलं होतं आणि घरोघरी सोमवारच्या रात्री चुली पेटत नव्हत्या. पी. एल. ४८० या अमेरिकेच्या अन्नमदतीच्या कायद्याखाली येणारा अमेरिकन गहू हा मोठा आधार होता. १९६६ मध्ये अमेरिकेच्या गव्हाच्या पिकाचा जवळपास पाचवा हिस्सा भारतात आला. पण जॉन्सन यांनी लांब मुदतीचा करार करायचं नाकारलं आणि महिन्या-दोन महिन्यांपुरतंच धान्य सोडायला सुरुवात केली. किती गहू कधी निघणार हे ते स्वतः ठरवत. भारताने शेतीत पैसा घालावा ही त्यांची अट होती आणि व्हिएतनामवरून दिल्ली टीका करते याचा रागही होता. एक जहाज मुंबईत रिकामं होत असताना पुढचं निघालंय की नाही याची दिल्लीत चिंता असायची. त्याच काळात कृषिमंत्री सी. सुब्रमण्यम यांनी मेक्सिकन गव्हाचं १८ हजार टन बियाणं मागवलं आणि पुढे आपण स्वतःच्या गव्हावर आलो. म्हणजे बाबांनी रांगेत उभं राहून आणलेला गहू पाठवणारा आणि अडवून धरणारा माणूस एकच होता. बाबांच्या मनात त्याच्याबद्दल काय आहे ते मला माहीत नाही. विचार त्यांना. मला वाटतं ते इतक्या लांब त्यासाठीच येताहेत. उत्तर कृतज्ञतेचं असेल तरी ऐक, रागाचं असेल तरी ऐक, आणि मध्ये बोलू नकोस.

आणि तुमच्या दोघांचा संबंध. ३ ऑक्टोबर १९६५ ला न्यूयॉर्कच्या बंदरात, स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी, जॉन्सन यांनी नव्या स्थलांतर कायद्यावर सही केली. त्याआधी भारतातून वर्षाला फक्त शंभर माणसांचा कोटा होता. देशावरून ठरणारे ते कोटे या कायद्याने गेले. आज ऑस्टिनमध्ये आपलं मराठी मंडळ आहे, गणपती बसतो, तुझा नवरा इथे नोकरी करतो, हे सगळं त्या सहीनंतरचं आहे. "माळरान कशाला बघायचं" याचं उत्तर म्हणून त्याला एवढं सांग.

पुढे गुरांचा गोठा लागतो. जॉन्सन यांना आपल्या तांबड्या अंगाच्या, पांढऱ्या तोंडाच्या हियरफर्ड गुरांचा फार अभिमान होता. त्याच वंशाचा कळप पार्क सर्व्हिसने राखला आहे. एप्रिलमध्ये वासरं दिसण्याचा संभव चांगला. मुलीला इथे मनसोक्त उभं राहू दे.

शेवटी धावपट्टी, विमानाची शेड आणि घर. मोठं बोइंग विमान त्या धावपट्टीला झेपायचं नाही, म्हणून जॉन्सन मोठ्या विमानतळावर उतरत आणि छोट्या जेटस्टार विमानाने रँचवर येत. त्या छोट्याला ते 'एअर फोर्स वन-हाफ' म्हणत. ते विमान आता तिथे ठेवलेलं आहे. मुलीला पाण्यात चालणाऱ्या निळ्या गाडीची गोष्टही सांग. ॲम्फिकार तिचं नाव. जॉन्सन पाहुण्यांना तिच्यात बसवून उतारावरून तळ्याकडे सोडत आणि ब्रेक लागत नाहीत म्हणून ओरडत. पाहुण्यांचा जीव जायचा बाकी राही, आणि गाडी पाण्यात तरंगायला लागे. आठ वर्षांच्या मुलीला या रँचवरचं हेच सगळ्यात जास्त आठवेल, आणि त्यात काही बिघडत नाही.

घर बाहेरूनच बघा. समोरच्या मोठ्या ओकखाली ते खुर्च्या मांडून मंत्र्यांच्या बैठका घेत. १९६१ मध्ये, जॉन्सन उपाध्यक्ष असताना, पश्चिम जर्मनीचे चॅन्सलर आडेनावर आणि पाकिस्तानचे अध्यक्ष अयूब खान इथे जेवून गेले. शास्त्रींना १९६५ मध्ये अमेरिकेला यायचं आमंत्रण होतं, ते ऐन वेळी जॉन्सन यांनीच पुढे ढकललं आणि शास्त्री पुढे कधी जाऊ शकले नाहीत. व्हिएतनामचे निर्णयही याच अंगणात आणि याच घरातल्या फोनवर घोळले. त्या युद्धात काय झालं ते बाबांना कुणी सांगायला नको, त्यांच्या तरुणपणी रोजच्या पेपरात तेच होतं. थर्मासमधला चहा इथे काढा.

इथपर्यंत दोन-अडीच वाजतील. सगळे ताजेतवाने असतील तर फ्रेडरिक्सबर्गच्या दिशेने थोडं पुढे वाइल्डसीड फार्म्स आहे, रानफुलांचं शेत. एप्रिलच्या सुरुवातीला ब्लूबॉनेट या निळ्या रानफुलांचा बहर असतो. हायवेच्या कडेची फुलं ही लेडी बर्ड यांची आवड. रस्त्यांच्या सुशोभीकरणाचा कायदा त्यांच्याच आग्रहाने १९६५ मध्ये झाला. फोटोसाठी हायवेच्या कडेला गाडी मात्र उभी करू नका. २९० वर शनिवारी गाड्या भरधाव असतात आणि गवतात साप असतात. शेतात फिरा, तिथे बसायला सोय आहे. स्टोनवॉलचे पीच मे महिन्यात सुरू होतात, आई-बाबा तोवर गेलेले असतील. रस्त्याकडेच्या दुकानात पीचचा जॅम मिळतो, एक बाटली त्यांच्या बॅगेत घाल.

आणि कुणी दमलं असेल तर सरळ परत फिरा. वाटेत जॉन्सन सिटीत, जॉन्सन यांच्या लहानपणच्या घरासमोर दहा मिनिटं थांबता येईल. १९३७ मध्ये त्या घराच्या ओसरीवर उभं राहून त्यांनी आपली पहिली निवडणूक लढवायची घोषणा केली. बाबा झोपले असतील तर तिथेही थांबू नकोस.

रेशनच्या रांगेची गोष्ट बाबा सांगायला लागले तर ती फोनवर रेकॉर्ड करून ठेव. माझ्या वडिलांची माझ्याकडे नाही.

तुझी,
ताई